दोन घोट दूध

१

सकाळी सव्वानऊला निरीक्षक बाईंनी प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला आणि त्यांचा हात दारावर तसाच राहिला.

आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः सहा नमुने आत ठेवले होते. बाळांच्या दुधाच्या पावडरचे पाच डबे आणि एका बाळानं अर्धवट टाकलेली दुधाची बाटली. दाराला कुलूप, कुलपावर तार, तारेवर लाखेचं सील. आता तार कापलेली होती. पाचही डबे जागच्या जागी होते. बाटली नव्हती.

“मॅडम, किल्ली तुमच्या खणात असते,” मागून सहायक म्हणाली. “आणि खणाला कुलूप नाही. मी तुम्हाला तीनदा सांगितलंय.”

“चारदा,” बाई म्हणाल्या. “आता एक कर. काय गेलंय ते कुणाला सांगू नकोस. ‘एक नमुना गेला’ एवढंच म्हणायचं.”

ही कचेरी पुलाच्या तोंडाशी होती. पूल संपला की दुसरा देश. भाषा तीच, फक्त हेल थोडा वेगळा. इकडच्या बाळांच्या दुधाची पावडर तिकडून यायची आणि तिकडच्या गिरण्यांना धान्य इकडून जायचं. सव्वीस वर्षं बाई या पुलावरून येणारं-जाणारं अन्न तपासत होत्या. इतक्या वर्षांत खवट तेल पाहिलं, किडके डाळ-तांदूळ पाहिले, पण असं काही पाहिलं नव्हतं.

गावच्या दवाखान्यात तीन तान्ही बाळं होती. चार महिन्यांच्या वरचं एकही नाही. ओठ निळे, नखं निळी. तिघंही पलीकडून आलेली पावडर पीत होती. काल दुपारपासून पुलावर दुधाचे अकरा ट्रक अडवून ठेवले होते, आणि गावात पावडर होती जेमतेम चार दिवसांची.

“पाचपर्यंत अहवाल द्या,” साहेबांनी फोनवर बजावलं होतं. “नाहीतर मी पूल बंद करतो. मग तेही आपलं धान्य अडवतील. अडवू देत.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. हातात पावणेआठ तास होते, आणि सगळ्यात महत्त्वाचा नमुना कुणीतरी नेला होता.

२

सकाळी आठ ते नऊ या वेळात कचेरीत तिघं येऊन गेली होती. बाईंनी तिघांनाही एकेक करून समोर बसवलं.

पहिला पावडरचा एजंट. गोलमटोल माणूस, बसला तरी धापा टाकत होता. ट्रकांचे कागद द्यायला आलो होतो, म्हणाला.

“नमुना गेला? कुठला डबा गेला? नवा की फोडलेला?” त्याचा चेहरा पडला. “बाई, लोक म्हणतील मीच नेला. अहो, माझीही नात हीच पावडर पिते. सकाळी तिचे ओठ मी बॅटरी लावून बघितले. खोटं वाटेल तुम्हाला.”

“नाही वाटत,” बाई म्हणाल्या.

दुसरे जकात नाक्यावरचे कारकून. बारीक, ताठ, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. ते सकाळचं रजिस्टर ठेवायला आले होते.

“माझ्याकडे नोंद आहे, नमुने सहा नग. नग म्हणजे नग. आत काय होतं ते मला विचारू नका, मी बंद खोक्यात डोकावत नाही.”

“कधीच नाही?”

“एकदा डोकावलो होतो. मधमाश्या होत्या.”

तिसऱ्या सफाईच्या मावशी. चार महिन्यांपूर्वी ठेकेदारानं पाठवलेल्या. अबोल बाई, पण काम असं की खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तरी धूळ लागायची नाही. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या.

“मी काय सांगू बाई? फरशी पुसली, टेबलं पुसली, कचरा काढला. कुणी आलेलं बघितलं नाही.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “आणि उरलेल्या दोन घोट दुधासाठी कुणी चोरी करेल का?”

बाईंनी मान डोलावली. काहीतरी खटकलं, पण काय ते हाती येईना. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. घंटी लांबलचक होती. पलीकडच्या देशातून फोन आला की अशीच वाजायची.

३

पलीकडच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर आणि बाई अकरा वर्षं दर मंगळवारी फोनवर बोलत. कामाचं पाच मिनिटं, आणि मग गुडघ्यांचं, पुस्तकांचं, डॉक्टरांच्या म्हाताऱ्या मांजरीचं.

“बाई, आज मंगळवार नाही, तरी फोन केला,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याकडे अडवलाय त्याच घाण्याची, म्हणजे त्याच खेपेला बनलेली, पावडर आमच्याकडे दोनशेच्यावर बाळं पितात. मी काल सगळे दवाखाने विचारले. एकालाही काही झालेलं नाही.”

“लेखी द्याल?”

“कागद पाठवलेत. वर न विचारता पाठवलेत.”

“मग मी ते वाचले नाहीत असं समजा.”

“वाचा हो. वाचायलाच पाठवलेत.” मग त्यांचा आवाज उतरला. “पण दुसरीच गोष्ट सांगायची होती. आज पहाटे आमच्याकडेही एक बाळ आलं. ओठ निळे.”

बाई ताठ बसल्या. “म्हणजे पावडरच.”

“तीच तर गंमत. हे बाळ ती पावडर पीतच नाही. कंपनी वेगळी, कारखाना वेगळा.”

बाईंनी कागद पुढे ओढला.

“रक्त काढलंत?” बाईंनी विचारलं.

“काढलं. चॉकलेटसारखं तपकिरी.”

“आमच्या तिघांचंही तसंच. प्राणवायू लावलाय, पण निळेपणा जात नाही. ताप नाही, जुलाब नाहीत.”

“म्हणजे जंतू नाहीत. रक्तालाच काहीतरी धरून बसलंय. मला एक संशय आहे, पण आत्ता बोललो तर तुम्ही तेच शोधत बसाल. तुमचे डोळे कोरे राहू देत.”

“बाळ राहतं कुठे?”

“नदीकाठी, बांधावर. तुमच्या खिडकीतून दिसेल बघा, लाल पत्र्याचं छप्पर.”

बाई फोन कानाला धरूनच खिडकीशी गेल्या. नदी या दिवसांत आटून जागोजागी तुंबली होती. पलीकडच्या काठावर लाल छप्पर होतं. आणि त्याच्या बरोबर समोर, अलीकडच्या काठावर, ती तीन बाळं जिथून आली ती वस्ती होती.

४

वस्तीत नळ पोचला नव्हता. सगळ्यांची मिळून एक विहीर. बाई घरोघर फिरल्या. बाटलीवर वाढणारी बाळं आठ निघाली. आठांची पावडर एक, आठांची विहीर एक. तीन आजारी, पाच ठणठणीत. आणि मोठी माणसं तर सगळीच तेच पाणी पिऊन धडधाकट.

ठणठणीत बाळांच्या घरी बाई स्वयंपाकघरात शिरून बसल्या.

“पाणी उकळता ना?” त्यांनी पहिलीला विचारलं.

ती ओशाळली. “उकळते म्हणजे, एक उकळी आली की उतरवते. खोटं कशाला बोलू? या कार्ट्यापुढे वेळ कुठे असतो?” कार्टं तिच्या कडेवर गुबगुबीत गालांनी हसत होतं.

दुसरीनं तर कोमट करण्यावरच भागवलं होतं. तिसरीकडे बाटली धुवायचा ब्रश महिन्यापूर्वी हरवला होता. बाईंच्या नियमांच्या पुस्तकात या घरांना एकही गुण मिळाला नसता.

मग त्या आजारी बाळांच्या घरी गेल्या. पहिल्या घरात बाळाचा बाप एकटाच होता. त्यानं ओटा दाखवला. भांडी आरशासारखी. बाटल्या फडक्यावर ओळीनं पालथ्या. शेगडीवर मोठं पातेलं, आतल्या बाजूला पांढरट वलयं, एकाखाली एक.

“ही वलयं कसली?”

“पाणी उकळतं त्याची. ती सकाळी चढवते. अर्धं आटेस्तोवर ठेवते, मग थर्मासमध्ये भरते. बाळ लहान म्हणून.” त्यानं थर्मास उचलून दाखवला. “एवढं करूनही असं का झालं हो?”

दुसऱ्या घरीही तसंच पातेलं, तशीच वलयं.

बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. सगळं उलटं होतं. जिनं हयगय केली तिचं बाळ बरं. जिनं जिवापाड काळजी घेतली तिचं बाळ दवाखान्यात. काय असं आहे, जे उकळल्यानं मरत नाही, उलट वाढतं?

विहिरीच्या वरच्या अंगाला खताचं गोदाम होतं. त्याच्या आवारातून एक नाला निघून नदीच्या तुंबलेल्या पाण्यात उतरत होता. नाल्याच्या कडांवर मिठासारखा पांढरा थर साचला होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, चिठ्ठी चिकटवली आणि तिसरं घर गाठलं. त्याला कुलूप होतं.

“आई दवाखान्यात बाळापाशी आहे,” शेजारीण म्हणाली. “बाप ट्रकवर, लांब गेलाय. आणि आजी कामावर.”

“कुठे?”

“तुम्हाला माहीत नाही? पुलाजवळच्या कचेरीत सफाई करते की.”

५

मावशी मागच्या खोलीत कपबशा विसळत होत्या. बाईंनी दार लोटून घेतलं आणि शेजारी उभ्या राहून एक कप पुसायला घेतला.

“मावशी, मी सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं की नमुना गेला. एजंटला वाटलं डबा गेला. कारकुनांना वाटलं नग गेला. तुम्ही म्हणालात, दोन घोट दूध. खोकी बंद आली, फ्रीजला कुलूप होतं. बाटली आहे, आणि तिच्यात किती दूध उरलंय, हे मला आणि सहायकेला ठाऊक. नाहीतर त्या घरातल्या माणसाला.”

मावशींच्या हातातली बशी पाण्यात तशीच राहिली.

“शिवाय ज्याला पावडर वाचवायची असती त्यानं डबे नेले असते,” बाई हळूच म्हणाल्या. “बाटली नेणाऱ्याला बाटली भरणारं माणूस वाचवायचं होतं.”

मावशींनी डोळ्याला पदर लावला. रडण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

“सून माझी. बाळाला दवाखान्यात नेलं तेव्हापासून अन्नाला शिवली नाही. एकच धोशा, मी काय पाजलं, मी काय पाजलं. ते दूध तुम्ही तपासणार, कागदावर येणार, आईच्या हातच्या दुधात विष. मग ती जगली असती का बाई? लोकांनी जगू दिलं असतं का?”

“तिनं काही घातलं असेल असं वाटलं तुम्हाला?”

“छे हो!” मावशी फणकारल्या. “अशी जपणारी पोर मी बघितली नाही. मीच उलट ओरडायचे तिच्यावर, किती वेळ उकळतेस गं, पुरे आता, गॅस संपेल. तर म्हणायची, आई, जंतू मरायला हवेत.”

बाईंनी हे टिपून घेतलं आणि मावशींची सही घेतली. मग विचारलं, “बाटली फेकलीत?”

“नाही फेकली.” मावशी खाली बघत होत्या. “बाळाचं उष्टं दूध. मोरीत ओतायला हात धजावला नाही. तुमच्या लोकांचे डबे ठेवायच्या फ्रीजमध्ये आहे, माझ्या डब्यामागे.”

६

सील तुटलेला नमुना पुरावा म्हणून चालत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण बाळांना पुराव्याशी काय देणंघेणं? सहायकेनं टेबलावर चार काचेच्या वाट्या मांडल्या. एकीत पावडर आणि प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी. दुसरीत विहिरीचं कच्चं पाणी. तिसरीत तेच पाणी, उकळून अर्धं केलेलं. चौथीत बाटलीतलं दूध, फाडून गाळलेलं. चारींत कागदाच्या पट्ट्या बुडवल्या.

पहिली पांढरीच राहिली. दुसरी गुलाबी झाली. तिसरी आणि चौथी जांभळ्यावर गेल्या.

“नायट्रेट,” सहायक पुटपुटली. “खतातला क्षार. मॅडम, पावडर स्वच्छ आहे.”

“उकळल्यानं जंतू मरतात,” बाई म्हणाल्या. “क्षार कुठे मरतो? पाणी आटतं आणि तो होता तेवढाच राहतो. म्हणजे घोटागणिक दुप्पट. मोठ्यांना पचतं, तान्ह्यांचं रक्त मात्र त्यानं प्राणवायू वाहायचं विसरतं. नाला उतरतो नदीच्या डबक्यात, आणि दोन्ही काठांच्या विहिरींना पाझर त्याच डबक्याचा.”

चार वाजता साहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं, पट्ट्या पाहिल्या, चष्मा काढून पुसला.

“गोदाम आपल्या बाजूचं आहे.”

“हो साहेब.”

“पलीकडे आजच कळवायला हवं का? आधी आपल्याआपल्यात बसू. उद्या ते आपल्यावरच उलटतील.”

“उलटतील,” बाई म्हणाल्या. “पण साहेब, तिकडच्या बांधावर अजून बाळं असतील. त्यांच्या आयांना आपल्या शेजारचं बाळ आजारी पडल्याचं कळलंय. त्या आत्ता पाणी जास्तच उकळत असतील.”

साहेबांनी पुसलेला चष्मा परत चढवला. मग उठले.

“दुधाचे ट्रक सोडा, कागदांवर मी सही करतो. गोदामाला सील ठोका. आणि मी जरा चहाला जाऊन येतो. मी इथे नसताना तुम्ही कुणाला फोन केलात, ते मला कसं कळणार?”

दार पूर्ण लागायच्या आत बाईंनी फोन उचलला होता.

“डॉक्टर, पाणी. खताचा क्षार. चूक आमच्याकडची आहे.”

“मलाही तोच संशय होता,” डॉक्टर म्हणाले. “माणसं आत्ता पाठवतो घरोघर, उकळू नका म्हणून. चुकीवरून नंतर भांडू. तुमच्या दवाखान्यात यावरचं ते निळं औषध आहे? शिरेतून द्यायचं?”

“संपलंय. परवा येईल.”

“परवा?” डॉक्टर ओरडलेच. “तुमच्या बाळांना परवापर्यंत कोण थांबवून धरणार? मी निघालो.”

वीस मिनिटांनी पुलावर छातीशी छोटा डबा धरलेला उंच, वाकलेला माणूस घाईघाईनं येताना दिसला. गुडघे दुखत असावेत, कारण धावल्यासारखा चालत होता. अडसरापाशी कारकून ताठ उभे होते.

“औषध. तीन कुप्या,” त्यांनी डब्यावरची चिठ्ठी वाचली. रजिस्टर चाळलं, मागचं पान पाहिलं, पुढचं पान पाहिलं. “विक्रीचा रकाना आहे. नमुन्याचा आहे. असंच दिलेल्याचा रकानाच नाही.”

“अहो—” बाई पुढे झाल्या.

कारकुनांनी रजिस्टर मिटून काखेत मारलं आणि दोन्ही हातांनी अडसर वर उचलला. “मग नोंद कुठे करू? जा लवकर.”

७

सर्वांत आधी मावशींच्या नातवाला औषध दिलं, कारण तोच सर्वांत निळा होता. खाटेभोवती सगळे श्वास रोखून उभे होते. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग ओठांच्या मधोमध गुलाबी रंग उगवला आणि हळूहळू कडांपर्यंत पसरला. बाळानं डोळे उघडले, सगळ्यांकडे रागानं पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्या आवाजानं बाकीच्या दोन आया धावत आल्या. आमचंही करा, आमचंही करा.

सून भिंतीला टेकून बसली होती. तिनं बाईंचा हात धरला.

“काय होतं त्या दुधात? खरं सांगा.”

बाईंनी खरं सांगितलं. खत, नाला, विहीर. आणि उकळल्यानं काय झालं तेही, कारण ते आज ना उद्या तिला कळणारच होतं.

सुनेनं बाईंचा हात सोडला. “म्हणजे मीच. मी आटवून आटवून—”

“तू कशाला?” मावशी मध्येच म्हणाल्या. “मीच नाही का तुझ्या मागे लागले होते, अजून उकळ, अर्धं होऊ दे म्हणून? तुझी काय चूक? म्हातारीचं ऐकलंस.”

मावशींच्या सहीचा कागद बाईंच्या पिशवीत होता. त्यात बरोबर उलटं लिहिलेलं होतं. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

सुनेनं सासूकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“हो आई,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हीच म्हणाला होतात.” आणि तिनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे मिटले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर डॉक्टर कागद-पेन घेऊन बसले होते. दोन्ही काठांवर लावायची एकच सूचना लिहायची होती, दोन्ही कचेऱ्यांच्या शिक्क्यांची. अशी सूचना आजवर निघाली नव्हती.

“पहिली ओळ,” डॉक्टर म्हणाले, “‘बाळाच्या दुधासाठी विहिरीचे पाणी वापरू नये, उकळूनही नाही. टँकरचे पाणी घ्यावे.’”

“ती दुसरी. पहिली मी सांगते.” बाई शेजारी बसल्या. “लिहा. ‘यात कोणत्याही आईची चूक नाही.’”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, ही आरोग्य खात्याची सूचना आहे.”

“म्हणूनच. जिला वाटतं आपलीच चूक, ती पुढचं वाचत नाही हो. ती लपवते. लपवलेल्या एका बाटलीपायी आज माझी अर्धी सकाळ गेली. कुणा दुसऱ्या आईनं लपवलं तर बाळ जाईल.”

डॉक्टरांनी विचार केला, आणि लिहिलं. अक्षर ठसठशीत काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचे ट्रक पुलावरून उतरत होते आणि धान्याचे चढत होते. बाई पलीकडच्या बांधावर गेल्या, डॉक्टरांबरोबर. लाल छपराच्या घराच्या भिंतीवर सूचना लावली. टँकरला रांग लागली होती, तरी दहा-बारा बायका जमल्या. त्यातली एक, कडेवर महिनाभराचं बाळ घेतलेली, पुढे झाली. तिला वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, पाणी कुठलं, टँकर कधी, ओठ निळे दिसले तर कुठे यायचं.

तिनं नीट ऐकलं. मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, “ती पहिली ओळ परत वाचा ना.”

डॉक्टरांनी कागद बाईंच्या हातात दिला. “तुम्ही वाचा,” ते म्हणाले.

आणि बाईंनी वाचली.